गाडीत ब्लूटूथ होतं, सापडत नव्हतं

मागच्या एप्रिलात सेकंडहँड गाडी घेतली, 2012 ची. टायर पाहिले, क्लच पाहिला, एसी तर तीनदा पाहिला. नागपुरात एप्रिलमध्ये गाडी घेणारा माणूस आणखी काय पाहणार? ब्लूटूथचं मात्र नुसतं विचारलं. विकणारा म्हणाला, "आहे न भाऊ," आणि विषय तिथंच संपला.

गरज खरी होती. रोज मनीषनगर ते बुटीबोरी, वर्धा रोडवर ट्रकांची रांग, आणि घरचा फोन नेमका ओव्हरटेक करताना येणार. हातात फोन धरून गाडी चालवणं 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये आलं आहे, हे बायको मला चलान फाडणाऱ्या हवालदाराच्या आवाजात सांगते.

रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन गाडीत जाऊन बसलो. स्टिरिओवर 'सेटअप' दाबलं तर बास, ट्रेबल, घड्याळ. 'मोड' दाबलं तर रेडिओ, सीडी आणि ऑक्स, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायची खाच. ब्लूटूथचं नावच नाही. गाडीचं पुस्तक शोधायला कप्पा उघडला तर पंक्चरची जुनी बिलं आणि सुपारीची पुडी निघाली. अर्ध्या तासात घाम निथळला.

तेवढ्यात भाचा आला. "मामा, काहून परेशान होऊन राहिले?"

सांगितलं. त्यानं स्टीअरिंगवरचं फोनच्या चित्राचं बटण दाबून धरलं. मीही ते दाबलं होतं, पण टिचकीसारखं, आणि 'फोन नाही' एवढंच पाहून सोडून दिलं होतं. तीन-चार सेकंद धरल्यावर 'फोन सेटअप' उघडलं, आणि त्याच्या पोटात ब्लूटूथ. मग उलगडलं. त्या काळी या गाडीत ब्लूटूथ म्हणजे फक्त फोनवर बोलणं, म्हणून त्याचं बिऱ्हाड फोनच्या मेनूत. आम्ही गाण्याच्या मेनूत शोधत बसलो होतो.

'नवीन फोन जोडा' केलं, तर मेमरी भरलेली. यादीत पाच फोन! त्यातल्या एकाबरोबर मागच्या मालकाची फोनबुकही गाडीत तशीच पडून होती: आई, दूधवाला, सासरेबुवा. दोन नावं वाचली आणि आम्हालाच कसंतरी झालं. सगळं पुसलं. गाडी विकताना माणूस डिकीतली छत्रीसुद्धा काढून घेतो, पण आपल्या घरच्यांचे नंबर दुसऱ्याच्या हवाली करून जातो.

मग जोडणी. हल्लीचे फोन दोन्हीकडे सहा आकडे दाखवतात आणि जुळले का म्हणून विचारतात. ही पद्धत ब्लूटूथ 2.1 बरोबर 2007 मध्ये आली, पण गाडीतलं मशीन त्याही आधीच्या वळणाचं, त्यानं सरळ कोडच मागितला. 1234 चाललं नाही, 0000 चाललं. मधेच ऊन चढलं म्हणून गाडी कडुनिंबाखाली घ्यायला गेलो, तर मेनूच फिका पडला. गाडी चालती असताना हे सेटिंग उघडत नाही. परत उभी केली, परत पहिल्यापासून.

फोन लागला. बायकोला केला. ती म्हणाली, "हेलिकॉप्टरमध्ये बसले काय?" माईक छतात, आणि एसीच्या पंख्याची हवा थेट त्याच्यावर. पंखा दोनवर आणला, जाळी खाली वळवली, तेव्हा बोलणं कळलं.

गाणी मात्र येईनात. फोनच्या ब्लूटूथमध्ये गाडीच्या नावासमोरचं गिअरचं चिन्ह उघडलं, तर 'कॉल' आणि 'संपर्क' एवढेच पर्याय. 'मीडिया ऑडिओ' नाहीच. बोलण्याची आणि गाण्याची वाट ब्लूटूथमध्ये वेगळी असते, आणि दुसरी वाट या गाडीत बांधलेलीच नाही. तिथं पर्यायच नसेल, तर फोन दहादा बंद-चालू करून काही उपयोग नाही. मी केला, म्हणून सांगतो.

आधी सिगारेट-लायटरच्या खाचेत लावायचा एफएम ट्रान्समीटर आणला, फोनवरचं गाणं रेडिओच्या एखाद्या मोकळ्या जागी वाजवणारा. बुटीबोरीकडं बरा चालायचा, पण शहरात शिरलं की 93.5, 94.3, 98.3 ही सगळी स्टेशनं वाजणारच, त्यांच्या मधली मोकळी जागा शोधता शोधता अर्ध्या गाण्यात निवेदक बोलायला लागायचा. शेवटी कार-डेकोरवाल्याकडून ऑक्समध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घेतला. फोनमध्ये त्याच्या नावासमोरच्या सेटिंगमध्ये 'कॉल' बंद, 'मीडिया ऑडिओ' चालू. आता बोलणं गाडीकडं, गाणी रिसीव्हरकडं, दोन्ही एकाच वेळी जोडलेले. एक खोड आहे: स्टिरिओ ऑक्सवर नसेल तर गाणं मुकाट पुढं सरकत राहतं आणि मी फोनला शिव्या देतो.

गाडीच्या यादीत आता दोन फोन आहेत. एक माझा, दुसरा 'भाचा बॉस'. हा केव्हा शिरला मला माहीत नाही. पण तो शेजारी बसला असला की गाडी आधी त्याचाच फोन पकडते.