पर्ल स्ट्रीटचा कोळसा: अंदाजाचा दुसरा टप्पा

न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर 4 सप्टेंबर 1882 रोजी सुरू झालेल्या एडिसनच्या वीजकेंद्रात एका युनिटमागे किती कोळसा जळत असावा, या अंदाजाचा पूर्ण भारापुरता भाग आता हातावेगळा झाला आहे. कंडेन्सर (वापरलेल्या वाफेचे पाणी करणारे उपकरण) नसलेल्या जलदगती इंजिनाच्या सिलिंडरला दर अश्वशक्ती-तासाला 13.5 किलो वाफ लागते आणि बॉयलरमध्ये किलोभर कोळशावर आठ किलो वाफ होते, असे गृहीत धरले. घर्षणाची आणि डायनॅमोतील घट हिशेबात घेतल्यावर युनिटमागे सुमारे 3 किलो कोळसा येतो. कोळशाची उष्णता किलोमागे 30 मेगाज्यूल धरली, तर कार्यक्षमता 4 टक्के भरते. मला तीही जरा उदारच वाटते.

खरी मेख कमी भारात आहे. तेथील ‘जम्बो’ डायनॅमो सुमारे 100 किलोवॅटचा असून तो 1,200 दिवे पेलत असे, म्हणजे दिव्यामागे साधारण 83 वॅट. पहिल्या दिवशी मात्र जेमतेम 400 दिवे लागले होते, म्हणजे भार 33 किलोवॅट. इंजिन नुसते फिरत ठेवायलाही पूर्ण भाराच्या चौथाई वाफ लागते असे धरून विलन्स रेषा (भार आणि ताशी लागणारी वाफ यांचे नाते दाखवणारी सरळ रेषा) आखली, तेव्हा ताशी 75 किलो कोळसा निव्वळ फिरण्यासाठी आणि तेवढाच दिव्यांसाठी निघाला. युनिटमागचा आकडा त्यामुळे एकदम 4.5 किलोवर गेला आणि कार्यक्षमता 2.7 टक्क्यांवर उतरली. भार 10 किलोवॅट असेल, तर हाच आकडा 10 किलोच्या जवळ पोहोचतो.

यावर रास्त आक्षेप असा की विलन्स रेषा मुळात वाफेची वाट आवळून वेग राखणाऱ्या इंजिनांसाठी आहे, आणि येथील सुरुवातीच्या पोर्टर-ॲलन इंजिनांचा गव्हर्नर (वेग राखणारी यंत्रणा) सिलिंडरमध्ये येणारी वाफ तोडण्याचा क्षण बदलत असे. तरीही घर्षण आणि सिलिंडरच्या भिंतींवर थंड होऊन पाणी बनणारी वाफ भाराबरोबर फारशी घटत नाही, म्हणून स्थिर हिस्सा मी तूर्त तसाच ठेवला आहे. पुढे तेथे आर्मिंग्टन-सिम्स इंजिने बसली. त्यांच्यासाठी वेगळी रेषा लागेल.

राखेखाली दाबून धगधगत ठेवलेल्या भट्ट्यांचा कोळसा अजून या हिशेबात आलेला नाही. शिवाय हे युनिट डायनॅमोपाशी मोजलेले आहे. ग्राहकाच्या रासायनिक मीटरपाशी मोजल्यास तारांतील घटीमुळे आकडा आणखी चढेल. परिसर वॉल स्ट्रीटच्या कचेऱ्यांचा असल्याने, डिसेंबरात लवकर मावळणारा सूर्य आणि कचेऱ्या सुटण्याची वेळ यांच्यामधल्या तासांवरून दिवसभराचा भारवक्र (तासागणिक बदलणाऱ्या भाराचा आलेख) सध्या आखतो आहे.