कलम ४, पोटकलम (२)

सकाळी साडेनऊला बैठक सुरू झाली आणि दुपारी दोनपर्यंत आम्ही एका शब्दावर अडून बसलो होतो. शब्द होता 'सहायक'.

मी विधेयकांचे मसुदे लिहिते. एका लहानशा, नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात राष्ट्रीय रेड क्रॉस संस्थेचा कायदा करायचा होता, त्यासाठी मला सल्लागार म्हणून बोलावलं होतं. देशाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या मान्यतेचा अर्ज अजून निकाली निघालेला नाही. कायदा राजपत्रात आला, माझं काम संपलं, तरी ते चौथं कलम डोक्यातून जात नाही.

बाहेरच्यांना वाटतं, चार भल्या माणसांनी घटना लिहून नोंदणी केली की झाली संस्था. एरवीच्या सेवाभावी संस्थेचं तसं होतंही. पण राष्ट्रीय रेड क्रॉस किंवा रेड क्रेसेंट संस्था एका देशात एकच असते, आणि तिला स्वतःच्या सरकारची रीतसर मान्यता लागते. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंट चळवळीच्या १९८६ च्या घटनेतल्या चौथ्या अनुच्छेदात मान्यतेच्या दहा अटी आहेत. देश स्वतंत्र हवा, तिथे जिनिव्हाचा पहिला करार, म्हणजे युद्धातल्या जखमी आणि आजारी सैनिकांना संरक्षण देणारा, लागू असायला हवा, काम सबंध भूभागावर पोचायला हवं, माणसं घेताना वंश, लिंग, वर्ग, धर्म, राजकीय मत बघायचं नाही. एवढं झालं की रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती मान्यता देते आणि राष्ट्रीय संस्थांचा महासंघ सभासद करून घेतो. याला वेळ लागतो. भारताच्या रेड क्रॉसचा कायदा १९२० चा. आंतरराष्ट्रीय समितीची मान्यता मिळाली १९२९ मध्ये.

दहांपैकी तिसरी आणि चौथी अट मसुदा लिहिणाऱ्याची परीक्षा बघतात. तिसरी म्हणते, संस्था मानवतावादी कामात शासनाला सहायक असली पाहिजे. चौथी म्हणते, ती स्वायत्त असली पाहिजे. दोन्ही एकाच वेळी.

मंत्रालयाकडून आलेला मसुदा कुठल्यातरी सरकारी महामंडळाच्या कायद्यावरून उतरवलेला होता. अध्यक्ष मंत्री नेमणार, 'लोकहितार्थ आवश्यक वाटल्यास' कार्यकारी मंडळ बरखास्त करणार, आणि संस्था 'मंत्रालयाच्या निर्देशाखाली काम करणारी सहायक संस्था' असणार. असे मसुदे पाहिले की मला राग येतो. लिहिणाऱ्याने जुन्या कायद्यातलं फक्त नाव बदललेलं असतं, आणि त्याचे परिणाम भोगणारी माणसं त्याला कधी भेटणार नसतात. अध्यक्षाची नेमणूक आणि मंडळाची बरखास्ती मी पहिल्या आठवड्यातच काढून घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९ नोव्हेंबर १९४६ च्या ठरावात या संस्थांच्या स्वयंसेवी आणि स्वायत्त स्वरूपाचा आदर राखावा असं सदस्य देशांना सांगितलं आहे. तो ठराव उपसचिवांपुढे ठेवला. बाई हुशार होत्या, कागद दाखवला की ऐकायच्या. कागद नसेल तर मात्र त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे.

राहिलं कलम ४, ज्यात तो 'सहायक' होता. त्या दिवशी टेबलाशी उपसचिव, विधी विभागाचे दोघे, अर्थ विभागाचा एक तरुण अधिकारी, लष्करी वैद्यकीय सेवेचे कर्नल आणि होऊ घातलेल्या संस्थेच्या हंगामी समितीची माणसं होती. शेवटच्या खुर्चीवर डोंगराळ भागातल्या रुग्णवाहिका गटाचे म्हातारे प्रमुख बसले होते. त्यांचा गट स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा. देशात एकच संस्था असू शकते म्हणून तो नव्या संस्थेत विलीन होणार होता. गाडी, खोगीरपेट्या, बँकेतली शिल्लक आणि सभासद, सगळं 'या कायद्याच्या प्रारंभापासून संस्थेकडे निहित होईल'. ते कलम माझंच आहे, आणि लिहिताना मला ते अगदी सोपं वाटलं होतं.

चर्चा दुभाष्यामार्फत चालली होती. 'सहायक'साठी तिथल्या भाषेत जो शब्द काढला होता, तो ऐकून म्हाताऱ्यांनी हात वर केला. म्हणाले, आमच्याकडे हा शब्द मुकादमाच्या हाताखालच्या माणसाला लावतात.

मला ते चटकन कळलं, कारण मराठीतही तेच आहे. आपल्याकडे कचेरीतला सहायक म्हणजे साहेबाच्या हाताखालचा. साहेबाने सांगायचं, त्याने करायचं. कायद्याला अभिप्रेत असलेला अर्थ वेगळा आहे. सरकारचं काम संस्था मदत म्हणून हाती घेईल, पण स्वतःच्या तत्त्वांना धरून. व्हिएन्नात १९६५ मध्ये जाहीर झालेल्या सात मूलभूत तत्त्वांपैकी स्वातंत्र्याचं तत्त्व हेच सांगतं: संस्था आपल्या सरकारच्या मानवतावादी सेवेत सहायक असल्या आणि देशाच्या कायद्यांना बांधील असल्या, तरी त्यांनी आपली स्वायत्तता सदैव राखली पाहिजे. त्या वाक्याचा सगळा भार 'तरी'वर आहे. तो 'तरी' मला कलमात आणायचा होता.

मग आम्ही शब्द शोधत बसलो. 'पूरक' सुचवला, तर विधी विभागाने हरकत घेतली की त्याने सरकारशी असलेलं कायदेशीर नातं उरत नाही. 'सहकारी' म्हटलं, तर त्याचा तिथे पतसंस्थेशी संबंध लागत होता. 'साथीदार' अर्थ विभागाच्या मुलाला आवडला. उपसचिवांनी तो एका वाक्यात उडवला, आणि इथे त्यांचं बरोबर होतं. साथीदार कुणीही होऊ शकतो, या संस्थेसारखा दर्जा दुसऱ्या कुणाला नसतो.

एवढ्यात कर्नलसाहेबांनी मदत करायची म्हणून १९४९ च्या जिनिव्हाच्या पहिल्या कराराचा २६ वा अनुच्छेद वाचून दाखवला. मान्यताप्राप्त संस्थेची माणसं लष्करी वैद्यकीय पथकाचं काम करत असतील तर त्यांना त्या पथकासारखंच संरक्षण मिळतं, मात्र त्यांना लष्करी कायदे आणि नियम लागू असले पाहिजेत. सहायक या कल्पनेचं मूळही तिथेच आहे. १८६३ च्या जिनिव्हा परिषदेने देशोदेशी समित्या स्थापायला सांगितल्या त्या युद्धकाळात सैन्याच्या वैद्यकीय सेवेला मदत करायलाच. कर्नलसाहेब खरं तेच सांगत होते. पण 'लष्करी कायदे लागू' एवढं कानावर पडताच म्हातारे उठून उभे राहिले.

ते बराच वेळ बोलले. दुभाष्याने थोडक्यात सांगितलं. दंगलींच्या वर्षी त्यांची गाडी दोन्ही बाजूंच्या नाक्यांवरून जायची. पलीकडची पोरं गाडी थांबवायची, आत बघायची आणि सोडायची, कारण ही गाडी कोणाचीच नाही हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, तुमचा कायदा झाल्यावर नाक्यावर मी कोणाचा माणूस म्हणून सांगू?"

मी उत्तर दिलं. २६ वा अनुच्छेद फक्त सैन्याच्या वैद्यकीय सेवेत दिलेल्या माणसांना आणि तेवढ्या कामापुरताच आहे, तुमच्या गाडीला नाही, असं सांगितलं. ते सगळं बरोबर होतं. नाक्यावर त्याचा काही उपयोग नव्हता.

खरं तर कायद्याच्या नजरेने त्यांची गाडी आणखी अडचणीत होती. टपावर त्यांनी मोठा लाल क्रॉस रंगवला होता, परवानगी कोणाचीच नव्हती. चिन्हाचे दोन वापर असतात. युद्धात जीव वाचवणारं संरक्षक चिन्ह मोठं असतं, लांबून दिसावं म्हणून. 'आम्ही या संस्थेचे' एवढंच सांगणारं निर्देशक चिन्ह त्याच कराराच्या ४४ व्या अनुच्छेदानुसार तुलनेने लहान असावं लागतं, आणि दंडावर बांधायच्या पट्टीवर किंवा इमारतीच्या छतावर ते लावता येत नाही. गैरवापरावर शिक्षेचं कलम आम्ही घातलं होतं औषधांच्या दुकानांसाठी, जिथे प्रत्येक पाटीवर लाल क्रॉस असतो आणि तो आपलाच आहे अशी दुकानदारांची ठाम समजूत असते. पण त्या कलमाखाली पहिला गुन्हेगार हा माणूस ठरला असता. मी तिथल्या तिथे परंतुक, म्हणजे कलमाला अपवाद, लिहिलं: विलीन होणाऱ्या गटांच्या वाहनांना पहिलं वर्षभर हे कलम लागू होणार नाही. त्या परंतुकाचा मला अभिमान आहे. कुणी ते मागितलंही नव्हतं.

दोन वाजता मी शब्दाचा नाद सोडला. 'सहायक' तसाच ठेवला आणि कलमाची दोन पोटकलमं केली. पहिल्यात, संस्था मानवतावादी क्षेत्रात शासनाला सहायक असलेली स्वयंसेवी मदत संस्था असेल. दुसऱ्यात, मूलभूत तत्त्वांशी विसंगत असं कोणतंही काम संस्थेने करावं असा निर्देश कोणतंही शासकीय प्राधिकरण देणार नाही, आणि असा निर्देश आल्यास तो नाकारणं हे संस्थेचं कर्तव्य असेल. 'कर्तव्य' या शब्दावर उपसचिव थबकल्या, 'अधिकार' म्हणा म्हणाल्या. मी रेड क्रॉस आणि रेड क्रेसेंटच्या तिसाव्या आंतरराष्ट्रीय परिषदेचा २००७ चा ठराव काढला. त्यात शासनाने अशी मागणी करू नये आणि केली तर संस्थेने ती नाकारणं हे तिचं कर्तव्य आहे असंच म्हटलं आहे, आणि त्या परिषदेत सरकारंही सभासद असतात. अधिकार असला तर तो वापरायचा की नाही याची घासाघीस होते, अध्यक्षाला फोन करून तो वापरू नकोस म्हणता येतं. कर्तव्याच्या बाबतीत असा फोन करणं अवघड जातं. त्यांनी पेन्सिलीने समासात खूण केली आणि पान उलटलं.

म्हाताऱ्यांनी होकारही दिला नाही, नकारही दिला नाही. बैठक संपल्यावर त्यांनी दुभाष्याकरवी दुसरं पोटकलम दोनदा वाचून घेतलं.

कायदा झाल्यावर त्यांनी निरोप पाठवून चौथं कलम त्यांच्या लिपीत, मोठ्या अक्षरांत, एका पानावर मागितलं. मी दुभाष्याकडून ते करून घेऊन पाठवलं. गेल्या आठवड्यात त्यांच्या नातवाने फोटो पाठवला. गाडीच्या पुढच्या काचेत, आतल्या बाजूने, प्लास्टिकमध्ये बंद केलेला कागद लावला आहे. त्यावर फक्त पोटकलम (२) आहे. वरचा भाग कात्रीने नीट कापून टाकलेला आहे.

कलम असं अर्धं दाखवता येत नाही. नाक्यावर कुणी मूळ कायदा काढला तर पहिलं वाक्य त्याच्यासमोर येईलच, आणि लपवलेलं वाक्य उघड झालं की उरलेल्यावरचा विश्वासही जाईल. हे त्यांना कळवायला हवं. तीन वेळा लिहायला घेतलं. दर वेळी दंगलीतला तो नाका आणि गाडीत वाकून बघणारी पोरं डोळ्यांपुढे येतात, आणि वरच्या वाक्यासकट तो कागद वाचून त्यांनी गाडी सोडली असती का, हे मला सांगता येत नाही. नातवाला अजून उत्तर दिलेलं नाही.