फक्कीच्या रेघा

मैदानावर फक्कीची पिशवी सोडली की समजावं, कुठल्या तरी स्पर्धा तोंडावर आल्या. साताऱ्यात काय नि सांगलीत काय, शाळेचं मैदान एकच आणि त्यावर हक्क सांगणारे खेळ डझनभर. कबड्डीची मधली रेघ, तिच्या पोटातून गेलेली खो-खोची पट्टी, कडेनं धावण्याच्या लेन. कालच्या रेघा पुसट, आजच्या ठळक. बाहेरच्या माणसाला तो नुसता गुंता दिसतो. पण पळणाऱ्या पोराला त्या गुंत्यातून नेमकी आपली रेघ दिसते. मग वळवाची एक सर येते आणि सगळ्यांचा हिशेब सारखा करून जाते.

या गर्दीत सगळ्यांत अवघड पाहुणा म्हणजे बेसबॉल. कबड्डी देवळापुढच्या अंगणातही मावते, खो-खोला दोन खांब पुरतात. बेसबॉल मैदानाचा एक कोपरा धरतो आणि तिथून पंख्यासारखा पसरत जातो. ऑलिंपिकसारख्या मोठ्या जत्रेत हा खेळ शंभर वर्षांहून जास्त काळ आत-बाहेर का करत राहिला, याचं निम्मं उत्तर आखणी करायला बसलं की टेपवरच मिळतं.

आखणी होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथून. ही पाच कोनांची पाटी, १७ इंच रुंद, आणि तिचं मागचं टोक म्हणजे सगळ्या मापांचं मूळ. त्या टोकावर खुंटी ठोकायची. तिथून सरळ ३८.७९ मीटरवर दुसरा बेस, म्हणजे धावपटूनं गाठायचा टप्पा. आता दोन टेप घ्यायच्या, एक होमवरून, एक दुसऱ्या बेसवरून, दोन्ही २७.४३ मीटरला ताणून जिथं मिळतील तिथं पहिला बेस, आणि तसंच उलट्या बाजूला तिसरा. काटकोन आपोआप येतो. या तिरक्या चौकोनाला तिकडं हिरा म्हणतात; आपल्याकडं जन्मला असता तर शंकरपाळी म्हणाले असते.

चुकतं ते दोन ठिकाणी. एक, घाईत प्लेटच्या पुढच्या कडेपासून माप धरलं जातं आणि अख्खा चौकोन ४३ सेंटिमीटर पुढं सरकतो. दुसरं, चेंडू फेकणाऱ्याची पट्टी चौकोनाच्या बरोबर मध्यावर ठोकतात. डोळ्याला तेच बरोबर वाटतं, पण ती १८.४४ मीटरवर लागते, म्हणजे मध्यापासून जवळजवळ मीटरभर अलीकडं. शिवाय फक्की खडूच्या जातीचीच हवी, चुन्याची नको. बेसवर घसरत येणाऱ्या पोराच्या डोळ्यात चुना गेला तर सामना राहतो बाजूला. आणि होम प्लेट शक्यतो पश्चिमेकडं, म्हणजे कलता सूर्य फलंदाजाच्या पाठीशी राहतो. नियमपुस्तकातसुद्धा होमवरून दुसऱ्या बेसकडं जाणारी रेघ पूर्व-ईशान्येला असावी असं सुचवलेलं आहे.

इथवर सगळं जमतं. पुढं मातीचा उंचवटा येतो. चेंडू फेकणारा उभा राहतो ती जागा मैदानापेक्षा १० इंच उंच, साडेपाच मीटर व्यासाची, पुढं हळूहळू उतरत गेलेली. हा ढीग घालून ठेवला तर उद्या तिथं कबड्डी कशी खेळायची? म्हणून आपल्या शाळांच्या अंगाला सॉफ्टबॉल जास्त बसतो: सपाट जमीन, १८.२९ मीटरचे बेस, हाताखालून फेक. बेसबॉलला स्वतःची टेकडी लागते, आणि पाहुणा टेकडी घेऊन आला की यजमानाच्या कपाळावर आठी येणारच.

आता हेच माप मोठ्या स्टेडियमवर टाकून बघू. पंख्याच्या दोन्ही कडा साधारण ९९ मीटर लांब धरल्या तर त्यांच्या टोकांमधलं अंतर १४० मीटर होतं. ४०० मीटरच्या धावपट्टीच्या आतल्या हिरवळीची रुंदी मिळते जेमतेम ७३. म्हणजे ऑलिंपिकच्या मुख्य स्टेडियममध्ये बेसबॉल मावतच नाही. मावला तर हातपाय दुमडून. त्याच्यासाठी वेगळं मैदान बांधा, दोन आठवडे वापरा, मग त्याचं काय करायचं ते बघत बसा. बीजिंगला २००८ साली वुकेसोंगमध्ये मैदान उभारलं आणि खेळ संपल्यावर पाडलं. अथेन्सनं जुन्या विमानतळाच्या जागेवर बांधलेलं मैदान नंतर पडीकच राहिलं.

सुरुवातीला तर नुसती पाहुणचाराची हौस होती. १९१२ला स्टॉकहोममध्ये अमेरिकेनं स्वीडनला १३-३ असं हरवलं, आणि त्यातही स्वीडनच्या बाजूला फेकणारा नि झेलणारा अमेरिकेनंच उसना दिला होता. लग्नात दोन्हीकडची वाजंत्री एकाच घरची असावी तसं. १९३६ला बर्लिनमध्ये अमेरिकेचेच दोन संघ रात्रीच्या दिव्यांत एकमेकांशी खेळले, ६-५. याच बर्लिनला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं आपले देशी खेळ करून दाखवले होते. तेव्हा कबड्डी आणि बेसबॉल एकाच ओसरीवर बसलेले पाहुणे होते असं म्हणायला हरकत नाही. मेलबर्नला १९५६ साली सामना क्रिकेटच्या प्रसिद्ध मैदानावर झाला. सुरुवातीला प्रेक्षक तुरळक, पण धावण्याच्या शर्यतींसाठी लोक येत गेले आणि मैदान भरलं. लाखभर माणसं बेसबॉल बघत होती, त्यातली बरीचशी पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत.

मधलं १९५२चं हेलसिंकी मात्र आपल्याकडं वेगळ्याच कारणानं पाठ आहे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकलं ते तिथं. त्याच ऑलिंपिकमध्ये फिनलंडनं आपला घरचा बेसबॉल, पेसापालो, जगापुढं मांडला. त्यात फेकणारा फलंदाजाच्या शेजारीच उभा राहून चेंडू सरळ वर उडवतो आणि खाली येताना फलंदाज तो टोलवतो. विटी हवेत उडवून दांडूनं हाणणाऱ्याला हा खेळ समजावून सांगावा लागणार नाही.

पंगतीत पाट मिळाला तो १९९२ला, बार्सिलोनात. त्याआधी १९८४ला लॉस एंजेलिस नि १९८८ला सोल, दोन्हीकडं खेळ प्रदर्शनीयच होता, आणि बहिष्कारामुळं दोन्ही वेळा क्यूबा नव्हता. पदकं सुरू झाल्यावर क्यूबानं भरपाई केली: १९९२, १९९६ आणि २००४चं सुवर्ण, २००० आणि २००८चं रौप्य. पाच ऑलिंपिक, पाचही वेळा अंतिम सामन्यात. २००० साली सिडनीत व्यावसायिक खेळाडूंना दार उघडलं आणि अमेरिकेनं क्यूबाला ४-० हरवलं. पण दार उघडलं तरी मोठे खेळाडू आले नाहीत. अमेरिकेची व्यावसायिक बेसबॉल स्पर्धा, मेजर लीग, ऐन जुलै-ऑगस्टमध्ये रंगात असते, आणि मालक आपला बैल ऐन पेरणीत दुसऱ्याच्या शेतावर कशाला पाठवतील?

हे दुखणं पुढं जिवावर बेतलं. ८ जुलै २००५ला सिंगापूरमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं एकेका खेळावर मतदान घेतलं. बेसबॉलच्या बाजूनं ५०, विरुद्ध ५४. बिचाऱ्या सॉफ्टबॉलला ५२-५२, आणि बरोबरी म्हणजे बाहेर. १९३६नंतर पोलो गेला, त्यानंतर बाहेर काढलेले हे पहिलेच खेळ. सॉफ्टबॉलवर अन्याय झाला असं आमचं मत आहे. तिथं ना कोट्यवधींची लीग होती, ना खेळाडू न येण्याची तक्रार. थोरल्या भावाच्या उधारीत धाकटीचं घर गेलं.

यानंतरचा अध्याय तालमीतल्या माणसानं तरी विसरू नये. फेब्रुवारी २०१३मध्ये ऑलिंपिकच्या कार्यकारी मंडळानं २०२०च्या मुख्य खेळांतून चक्क कुस्ती वगळण्याची शिफारस केली. ज्या मातीनं खाशाबा दिले, कवठेपिरानचे मारुती माने दिले, तिथं ही बातमी कशी लागली असेल ते सांगायला नको. एक जागा शिल्लक होती, आणि तिच्यासाठी तिघं उभे: कुस्ती, स्क्वॉश, आणि बेसबॉल-सॉफ्टबॉलची नवी जोडी. कुस्तीच्या जागतिक संघटनेनं अध्यक्ष बदलला, दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांऐवजी तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणल्या, गुण एकत्र मोजायला सुरुवात केली. ८ सप्टेंबरला ब्यूनस आयर्समध्ये मतं मोजली: कुस्ती ४९, बेसबॉल-सॉफ्टबॉल २४, स्क्वॉश २२. पहिल्याच फेरीत चितपट. आपल्याकडं कुस्ती वाचल्याचा आनंद झाला; पाठ टेकली ती कुणाची, हे फारसं कुणी विचारलं नाही.

गंमत अशी की मातीशी नातं दोघांचंही आहे. पैलवान आखाड्यात उतरताना माती अंगाला लावतो. मेजर लीगच्या सामन्यातला प्रत्येक कोरा चेंडूही आधी डेलावेअर नदीच्या खोऱ्यातल्या चिखलानं चोळतात. कोऱ्या कातड्याची चकाकी जाते, १०८ दुहेरी टाक्यांच्या शिवणीवर बोटं बसतात. दोन्हीकडं कारण एकच, पकड.

आशियाई स्पर्धांत बेसबॉलची गाडी मात्र सरळ चालली आहे. १९९०ला बीजिंगमध्ये कबड्डीला पहिल्यांदा पदकं मिळाली तेव्हा बेसबॉल प्रदर्शनीय होता. १९९४ला हिरोशिमात त्यालाही पदकं मिळाली. जपान तिथं बहुधा कंपन्यांच्या संघांतले हौशी खेळाडू पाठवतो. दक्षिण कोरिया मात्र आपले चांगले व्यावसायिक खेळाडू उतरवतो, आणि २०१०पासून २०२३च्या हांगझोपर्यंत सलग चार सुवर्णपदकं त्यांचीच. कारण नुसतं देशप्रेम नाही. तिथं तरुणांना सैन्यात सक्तीची सेवा करावी लागते, आणि आशियाई सुवर्ण किंवा ऑलिंपिकचं कुठलंही पदक मिळालं की त्यातून जवळजवळ सूट मिळते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत, जिथं गावाच्या नावातच फौज आहे, ही अट ऐकून चारचौघं एकमेकांकडं बघतील. आपल्याकडं खेळाचं प्रमाणपत्र फौजेत भरती व्हायला जोडतात.

ऑलिंपिकमध्ये बेसबॉल परत आला तो टोकियोला, आणि तेही यजमानाच्या आग्रहानं. फक्त सहा संघ. ज्यादा डावात पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आधीच धावपटू उभे करून ठेवायचे, म्हणजे निकाल लवकर लागतो. या खेळाला घड्याळ नसतं, आणि प्रक्षेपणाच्या वेळापत्रकाला घड्याळच असतं. जपाननं अमेरिकेला २-० हरवून सुवर्ण घेतलं. पॅरिसला पुन्हा फक्की पुसली.

आणि मग ऑक्टोबर २०२३मध्ये, आपल्या मुंबईत, ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८च्या लॉस एंजेलिससाठी पाच खेळांवर एकत्र शिक्कामोर्तब झालं. सांगलीत बातमी पोचली ती एवढीच, की क्रिकेट ऑलिंपिकमध्ये आलं. विजय हजारे ज्या गावचे आणि स्मृती मानधना जिथं वाढली, तिथं ते साहजिकच आहे. पण त्याच यादीत बेसबॉल-सॉफ्टबॉल होता, स्क्वॉशही होता. ब्यूनस आयर्सला कुस्तीपुढं हरलेले दोघं दहा वर्षांनी एकाच दारातून आत आले.

या वेळी बेसबॉलला कुठं मैदान आखायचं हा प्रश्न नाही. डॉजर स्टेडियम १९८४सारखंच तयार आहे, मातीच्या टेकडीसकट. जागा शोधावी लागली ती क्रिकेटला. ते खेळलं जाणार आहे पोमोनात, जिथं लॉस एंजेलिस परगण्याची दरवर्षीची जत्रा भरते त्या मैदानावर. जत्रेच्या मैदानात फड लावायची सवय आपल्याला आहे. अमेरिकी माणसानं तिथं टेप ताणून खेळपट्टीचे २०.१२ मीटर मोजताना सुरुवात कुठल्या टोकापासून करायची, हे मात्र त्याला कुणीतरी सांगावं लागेल.