येरवडा पाचव्या स्टेशनावर आहे

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?" हा प्रश्न मला दोन ठिकाणी हमखास ऐकू येतो. एक, सोसायटीच्या कोजागिरीला, दुधाचा पेला हातात देता देता. दुसरं, शिवाजीनगर कोर्टाच्या जिन्यात, पोराला नुकतंच पोलीस घेऊन गेलेले असताना, एखाद्या आईकडून आणि अगदी हळू आवाजात. परवा तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

आईच्या प्रश्नामागे साधा घोळ असतो. आपल्याकडे सरकारी वकील म्हणजे आरोपीच्या विरोधात उभा राहणारा. मला नेमलंय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेने, आणि मानधनही सरकारी पैशातून येतं. त्यामुळे वस्तीत बातमी जाते, "त्याला सरकारी वकील दिलाय," आणि घरच्यांच्या पोटात गोळा येतो. माझ्या पदाचं नाव लोकअभिरक्षक. ते एका दमात उच्चारणारा माणूस मला अजून भेटायचाय, म्हणून मी सरळ सांगते, "मी तुमच्या पोराची वकील. फी नाही. चहासुद्धा नको."

चहा नाकारण्यात सोवळेपणा नाही. पूर्वी प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या, म्हणजे यादीतल्या, वकिलांना एकेक केस दिली जायची, ती ते आपली प्रॅक्टिस सांभाळून चालवायचे. २०२२ च्या लोकअभिरक्षक योजनेनंतर आमच्यासारख्यांचं पूर्णवेळ कार्यालय झालं आणि खासगी प्रॅक्टिस बंद झाली. कोणी पाकीट पुढे केलं, तर ते घेणं हाच माझा गुन्हा ठरेल. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात कलम १२ आहे. त्यानुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मागताना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाईलाही लागत नाही, मग ती आरोपी असो की नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध दाद मागणारी. कोजागिरीच्या मंडळींना हे ठाऊक नसतं. त्यांच्याकडे काम करणाऱ्या मावशींना पोटगीसाठी वकील हवा असेल, तर तोही याच प्राधिकरणाकडून मिळतो. फक्त तो पॅनेलवरचा असतो, आमच्या कार्यालयातला नाही.

"पण त्याने चोरी केलीच असेल तर?" केली असेलही. ते ठरवायला न्यायाधीश बसलेत. माझं बरंचसं काम त्या प्रश्नापर्यंत पोचतच नाही. उलटतपासणी, जोरदार युक्तिवाद वगैरे तुम्ही सिनेमात बघता, ते अधूनमधून असतं. रोजचं काम असतं कागदांचं.

एका पोराचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. वय वीस, रंगकामावर हेल्पर, आरोप मोबाइल चोरीचा. आई पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत भाड्याने राहते, कोथरूडला चार घरी धुणीभांडी करते. जामीन झाला पंधरा हजारांचा: जातमुचलका, म्हणजे त्याची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. मी तिला म्हटलं, "झाला बरं का जामीन." तिने तिथेच हात जोडले. तिला वाटलं, पोरगा संध्याकाळी जेवायला घरी.

जामीनदार म्हणजे ज्याच्या नावावर काहीतरी आहे असा माणूस. घरपट्टीची पावती, नाहीतर सातबारा, नाहीतर पगाराची स्लिप, शिवाय आधार, रेशन कार्ड, फोटो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांच्या ओळखी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांशीच असतात. चार घरच्या चारही बायकांनी, "ह्यांना विचारून सांगते," असं सांगितलं. कोर्टाबाहेर एकाने चार हजारांत जामीनदार उभा करतो म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे विचारायला आली म्हणून वाचली, नाहीतर पैसे गेले असते आणि खोट्या कागदांची दुसरी केस मागे लागली असती.

शेवटी बार्शीहून मामा आला, दीड एकराचा सातबारा घेऊन, एका दिवसाची मजुरी बुडवून. इथे चूक माझी. मी दुसऱ्या कोर्टात रिमांडला उभी होते, म्हणून दोघांना म्हटलं, "तुम्ही कागद घेऊन खाली थांबा, मी आलेच." मला दीड तास लागला. तेवढ्यात जिन्यात कोणा शहाण्याने मामाला सांगितलं, की सोलापूर जिल्ह्याची जमीन इथे चालत नाही, पुण्यातलाच माणूस हवा. मी खाली आले तेव्हा मामा स्वारगेटहून एसटीत बसला होता.

आता गंमत बघा. मध्य प्रदेशात मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७८ सालीच सांगून टाकलं, की असं करता येणार नाही. हा निवाडा माझ्या फाइलमध्ये, फाइल माझ्या हातात, आणि मामा एसटीत. त्याला पुन्हा बोलवायचं म्हणजे आणखी एक मजुरी आणि जाण्यायेण्याचं तिकीट. तो आला नाही. मी त्याला दोष देत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी काही गोष्टी घालून दिल्या. जामिनाचा आदेश त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, तुरुंगात ईमेलने जायला हवा. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर अट सैल करता येईल का हे कोर्ट स्वतःहून पाहू शकतं. अशी कळवलेली नावं आमच्याकडे येतात. त्यात या पोराचं नाव आलं, तेव्हा ते मला पाठच झालं होतं.

मग अर्ज केला: जामीनदाराऐवजी रोख रक्कम घ्यावी. त्यावर सरकारी वकिलांचं म्हणणं, मध्ये दोन सुट्ट्या, मग आदेश: पाच हजार रोख. आईने भिशी उचलली. तिची पाळी नव्हती, वस्तीतल्या दुसऱ्या बाईने आपली पाळी सोडली. पैसे भरले, पावती झाली, पण कागद येरवडा तुरुंगात पोचेपर्यंत त्या दिवशीच्या सुटकेची वेळ टळली. पोरगा दुसऱ्या दिवशी बाहेर आला.

जिल्हा न्यायालयाच्या मेट्रो स्टेशनवरून येरवडा पाचवं स्टेशन. मंगळवार पेठ, पुणे रेल्वे स्टेशन, रुबी हॉल, बंडगार्डन, येरवडा. गाडीत धड पेपरही वाचून होत नाही. जामीन मिळालेल्या त्या पोराला तेवढं अंतर उलट यायला तेवीस दिवस लागले.

तर बाजू विचाराल तर ही. खटला अजून उभाच आहे आणि निकाल काय लागेल मला माहीत नाही. सुटला म्हणजे केस संपली, असं बहुतेक घरांत धरून चालतात. मग तारीख चुकते, वॉरंट निघतं आणि पोरगं पुन्हा आत. म्हणून मी त्या आईला तारीख चिठ्ठीवर लिहून दिली, वर बजावलं, "कालनिर्णयवर गोल करा." तिने मोबाइलमध्ये फोटो काढून आणून दाखवला. सिलिंडर आल्याची खूण, भिशीचा आकडा आणि त्याच्या शेजारी लाल गोल.

तारखेला वेळ सकाळी अकराची होती. मी साडेदहाला पोचले, तर दोघं बाकावर बसलेले. केव्हापासून, विचारलं. पोरगा म्हणाला, "नऊला आलो मॅडम. आईने उठवलं पाचला."