एकदा सांगितले ते पुरे

मुलीचे नाव, गाव आणि शाळा मी येथे लिहिणार नाही. पॉक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे कलम 23 ओळख उघड करण्याची मुभा देत नाही, आणि गोव्यात नुसता वाडा, म्हणजे गावातली वस्ती, सांगितला तरी घर कळते. मी मराठी शाळेत शिकवते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीआधी एका दुपारी, वर्ग रिकामा झाल्यावर, एक मुलगी दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तिचे सांगणे तीन वाक्यांत संपले. मी चौथे विचारले नाही.

वरिष्ठ म्हणाले, "चवथ होऊन जाऊ दे, मग बघू." मात्र मुलावर अत्याचार झाल्याचे कळले किंवा होण्याची भीती वाटली तरी कळवणे कलम 19 प्रमाणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हाच गुन्हा ठरतो, हे मला एका प्रशिक्षणामुळे ठाऊक होते. संध्याकाळी आईला घरी जाऊन भेटले आणि तिच्यासमोरच 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक लावला.

दुसऱ्या दिवशी महिला उपनिरीक्षक साध्या सलवार-कमीजमध्ये आल्या, सोप्यावर बसल्या आणि मुलीचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून घेतले. पोलिसांनी 24 तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवले, आणि समितीने आईच्या व मुलीच्या संमतीने एक सपोर्ट पर्सन, म्हणजे खटला चालू असताना मुलीला सोबत आणि मदत करणारी व्यक्ती, नेमून दिली. माझ्या मते सगळे तिच्यामुळे निभावले. तिच्याकडे एक साधी वही होती, आणि कोणत्या तारखेला, कोठे, कोणी, काय विचारले हे ती त्यात टिपून ठेवी. प्रत्येक दारात ती आधी एकटी आत जाई, कागद पुढे ठेवी आणि सांगे की एवढे लिहून झालेले आहे, राहिले असेल तेवढेच विचारा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये तपासणी महिला डॉक्टरांनी केली, आई शेजारी होती. एका कार्यालयात मात्र, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, चार माणसे ऐकत असताना, कारकुनाने मुलीला "पहिल्यापासून सांग" म्हटले. सपोर्ट पर्सनने वही मिटली आणि आम्हां सगळ्यांना घेऊन बाहेर आली. तिच्या जागी मी असते तर, खरे सांगायचे तर, गप्प बसले असते.

आरोपी ओळखीचा असल्याने अर्ध्या वाड्याने बोलणे टाकले. तरी त्या चवथीला तीन घरांनी न विचारता माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीचे, सामान आणून दिले, आणि न्यायालयाच्या तारखेच्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायचे काम स्वयंसाहाय्य गटातल्या बायकांनी आपसांत वाटून घेतले. आईची रोजंदारी बुडत होती. तिकीट आणि जेवणाचा खर्चही गटाने उचलला.

न्यायालयात साक्ष झाली तेव्हा वकिलांनी प्रश्न थेट न विचारता न्यायाधीशांकडे दिले आणि त्यांनी ते मुलीला सोप्या शब्दांत विचारले. आरोपी पडद्याआड होता. मध्ये तिने पाणी मागितले, तेव्हा कामकाज थांबले. बाहेर आल्यावर तिने वहीकडे बोट दाखवून विचारले, "हे पण लिहिणार?" सपोर्ट पर्सनने तारीख घातली आणि पुढे लिहिले: पाणी प्याली.

नुकसानभरपाईचा अर्ज अजून प्रलंबित आहे. समुपदेशनाला ती दर शनिवारी जाते.