ओळखीचा माणूस आणा

भेटेल तो विचारतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातले जुने शेजारी विचारतात, बरोबर नोकरी केलेले विचारतात, परवा एका मुंजीत व्याह्यांनीही विचारलं : “पेन्शन वेळेवर येतं, मुलगा मार्गी लागला, मग रोज सकाळी त्या बँकेच्या दारातल्या बाकावर बसून लोकांच्या स्लिपा कशाला भरून देता? पैसे घेता का?”

पैसे घेत नाही. कुणी चहा आणून दिला तर घेतो. आजवर ‘वेळ जातो’ एवढं म्हणून मी विषय मिटवत आलो, पण ते खरं कारण नाही. व्याह्यांनी मनापासून विचारलं होतं आणि मी त्यांनाही तेच थातुरमातुर सांगून आलो, याची रात्रभर टोचणी लागली. म्हणून आता नीट सांगतो.

आधी बाकावर काय चालतं ते सांगायला हवं. माझ्याकडे येतात त्यांत घरकाम करणाऱ्या बायका असतात, दाहोदकडून बांधकामावर आलेले मजूर असतात, लारीवाले म्हणजे हातगाडीवाले असतात, विधवा पेन्शनवाल्या म्हाताऱ्या असतात. कुणाला पैसे काढायची स्लिप भरून हवी असते, कुणाचं जनधन खातं दोन वर्षं व्यवहार न झाल्याने निष्क्रिय झालेलं असतं, ते पुन्हा सुरू करायला केवायसीचा फॉर्म भरायचा असतो. कुणाला कुणीतरी सांगितलेलं असतं की खात्यात हजार रुपये नसले की दंड कापतात. जनधन खात्याला अशी अट नाही हे दहादा सांगितलं तरी विश्वास बसत नाही. फॉर्म भरणं अवघड नसतं हो, पाच मिनिटांचं काम. अवघड असतं ते काचेचं दार ढकलणं. काही बायका आजही बँकेच्या बाहेर चपला काढून ठेवतात, देवळात जावं तशा. मी म्हणतो, “बेन, चंपल पहेरीने जाव.” त्या माझ्याकडे बघतात, आत बघतात, आणि चपला तिथेच ठेवून जातात.

या लोकांना आत जायची भीती कुणी घातली? मी घातली. निदान एकाला तरी नक्की.

गोष्ट १९९६ची. मी अडतीस वर्षांचा होतो, बडोद्यातल्याच एका शाखेत बचत खात्यांचं टेबल माझ्याकडे होतं. तेव्हा खातं उघडायचं तर परिचयकर्ता लागायचा. म्हणजे त्या शाखेत आधीपासून खातं असलेल्या कुणीतरी फॉर्मवर सही करायची की या माणसाला मी ओळखतो. नियम सगळ्यांना सारखा होता, कागदावर.

उन्हाळ्याचे दिवस होते, अकराच्या सुमाराला एक माणूस टेबलापाशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा असेल. अंगातल्या बुशशर्टाचा मूळ रंग सांगता आला नसता, छातीवर आणि पोटावर बारीक बारीक भोकं. पायातल्या स्लिपरचा अंगठा तारेने बांधलेला. हातात प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाला, “साहेब, खातं खोलायचं होतं.” बोली खानदेशी. मी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं ते शर्टाकडेच. म्हणालो, “ओळखीचा माणूस घेऊन ये. आणि इथे नको उभा राहू, बाजूला हो.”

तो बाजूला झाला. थोडा वेळ भिंतीपाशी थांबला, मग दिसला नाही.

त्याच दिवशी दुपारी सफारीतले एक गृहस्थ आले. बदली होऊन नुकतेच शहरात आलेले, त्यांनाही इथे ओळखणारं कुणी नव्हतं. मी “या, बसा” म्हणालो, पाणी मागवलं, आणि शाखेतल्याच एका नेहमीच्या खातेदाराला हाक मारून “जरा यांच्या फॉर्मवर सही करता का?” असं विचारलं. त्याने केली. दोघेही एकमेकांना ओळखत नव्हते. अर्ध्या तासात खातं उघडलं. ते गृहस्थ पुढे चांगले निघाले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सांगायचं एवढंच की नियम वाकवायचा कसा हे मला त्या दिवशी माहीत होतं. सकाळीही माहीत होतं.

आपल्या भाषेत हे फार सहज होतं. माणूस तोंड उघडायच्या आत आपण त्याचे कपडे बघतो आणि आपलं क्रियापद ठरतं. सफारीला ‘बसा’, भोकाच्या शर्टाला ‘हो बाजूला’. वयाने बापाच्या जागी असलेल्या हमालाला आपण ‘अरे, हे उचल’ म्हणतो आणि त्याच दुकानात उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला ‘तुम्ही काय घेणार?’ विचारतो. आमच्या बडोद्यात गुजरातीच्या सवयीने सगळ्यांना भाई आणि बेन लावतात, मला ते आवडतं. पण भाई म्हणूनही पुढे ‘तू’ येतो की ‘तमे’, हे पुन्हा चपला बघूनच ठरतं. घरी आमचा नातू भाजीवालीला ‘ए’ म्हणाला तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. तो ते कुठून शिकला, हा विचार नंतर आला.

तर, पुढचं. दोन वर्षांनी आम्ही घर बदललं. नव्या घराच्या गल्लीच्या तोंडाशी एक इस्त्रीची लारी होती. बायकोने शर्ट द्यायला पाठवलं. मी गेलो तर तोच माणूस. मी त्याला ओळखलं ते त्या भोकांवरून. आणि ती भोकं कसली होती तेही तिथे उभं राहिल्यावर दिसलं. कोळशाची इस्त्री, जड, पितळेची. तो झाकण उघडून निखाऱ्यांवर फुंकर घालत होता, फुंकर घातली की ठिणग्या उडत होत्या, आणि त्यातली एखादी शर्टावर बसत होती. तो चिमटीत झटकून टाकायचा, पण तोवर टोचल्यासारखं एक काळं भोक पडलेलं असायचं. मी ज्याला गबाळेपणा समजलो होतो तो त्याच्या धंद्याचा खर्च होता. दिवसभर दुसऱ्यांचे पांढरे शर्ट तो डाग न पडता कडक करून देत होता.

त्यानेही मला ओळखलं. मी आधी बोललो नाही, त्यानेच विषय काढला, तोही सहज, घड्या घालता घालता. “तुम्ही म्हणालात ओळखीचा माणूस आण. मी म्हटलं, ज्यांचे कपडे दहा वर्षं करतो ते ओळखीचेच की. पण विचारायला गेलो नाही साहेब. वाटलं, तेही तसंच बोलले तर मग कपडे न्यायला कसं जायचं?”

मी विचारलं, मग पैसे कुठे ठेवलेस? तेव्हाही ‘ठेवलेस’च म्हणालो.

त्याने लारीखालच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत एक पिवळं कार्ड होतं, रोजच्या चौकोनांचं. एक एजंट रोज संध्याकाळी यायचा, वीस रुपये घ्यायचा आणि चौकोनात निळ्या शाईने सही करायचा. कुठल्याशा खासगी बचत मंडळाचा माणूस. वर्षाने व्याजासकट देऊ म्हणाला होता. कार्डाची पुढची बाजू भरलेली होती, मागची अर्ध्यावर. शेवटची सही एका शनिवारची. सोमवारी एजंट आला नाही. आठवड्याने हा पत्त्यावर गेला तर तिथे कुलूप, आणि कुलपासमोर त्याच्यासारखेच वीसपंचवीस जण. नऊ हजार चारशे रुपये. मी कार्डावरचे चौकोन मोजले, दोनदा. का मोजले ते आजही सांगता येत नाही.

त्या काळात बँकेतल्या ठेवीला १ लाखापर्यंत विम्याचं संरक्षण होतं. १९९३पासून. (२०२०मध्ये ते ५ लाख झालं.) मी ते पाठ म्हणून दाखवलं असतं, परीक्षेत ते मला आलंही होतं. ज्याला त्या संरक्षणाची सगळ्यात जास्त गरज होती त्याला मी चार शब्दांत दाराबाहेर काढलं आणि तो त्या एजंटाच्या हातात जाऊन पडला. एजंट त्याच्याशी कसा बोलायचा हेही त्याने सांगितलं : “तो मला काका म्हणायचा.”

हे सांगितलं की लोक मला धीर देतात, आणि धीर देताना एक ठरलेली गोष्ट सांगतात. मळक्या धोतरातला म्हातारा मोठ्या शोरूममध्ये जातो, सेल्समन त्याला हाकलतो, म्हातारा पिशवीतून नोटांची बंडलं काढतो, सगळे खजील. फोनवर महिन्यातून एकदा येतेच ती. मला ती गोष्ट सहन होत नाही. तिच्यात अपमान चुकीचा ठरतो तो म्हाताऱ्याकडे पैसे निघाले म्हणून. पैसे नसते तर? माझ्या इस्त्रीवाल्याच्या पिशवीत बंडलं नव्हती. तो दिसत होता तेवढाच गरीब होता. त्याला ‘बसा’ म्हणायला एवढं पुरेसं होतं की तो माझ्या टेबलापाशी आला होता.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची गोष्टही आम्ही बडोदेकर अशीच सांगतो, छाती फुगवून. १८७५ साल, कवळाण्याहून शेतकरी घरातली पोरं दत्तकासाठी आणलेली, ‘कशाला आलात?’ असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ, म्हणजे पुढचे सयाजीराव, म्हणाला, ‘राज्य करायला.’ गोष्ट गोड आहे. पण मला महाराजांचं दुसरंच काम जास्त भावतं. त्यांनी १८९३मध्ये अमरेलीला सक्तीचं, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६मध्ये ते सगळ्या राज्याला लागू केलं. त्यात कुणी आधी चुणूक दाखवायची गरज नव्हती. पोर आहे, तर त्याला शाळा आहे.

आणि याच शहरात, त्याच महाराजांच्या नोकरीत, १९१७मध्ये डॉ. आंबेडकर आले तेव्हा काय झालं ते आठवा. कोलंबियात शिकून आलेला, अंगात विलायती पोशाख असलेला माणूस. कपडे नीट असले की मान मिळतो म्हणतात ना? पारशी उतारागृहातून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं, जात कळली म्हणून. शहरात कुणी जागा दिली नाही, आणि ते कमाटी बागेत जाऊन बसले. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे. मी सकाळी त्या बाजूने फिरायला जातो. ‘पोशाख नीट ठेव, लोक विचारतील’ हा सल्ला मी माझ्या मुलाला कधीच दिला नाही, त्याचं कारण ती जागा आहे. बघणाऱ्याला हाकलायचंच असेल तर तो शर्ट नाही तर दुसरं काही शोधतो.

माझी सवय पुरती गेली असं मी म्हणणार नाही. गेल्याच महिन्यात बाकावर दोघं एकदम आले. एक धुणीभांडी करणारी बाई, एक इस्त्रीच्या शर्टातला तरुण. बाई आधी आली होती. पेन मी तरुणाच्या हातात दिलं. त्यानेच ते तिच्याकडे सरकवलं, “मावशी पहिल्या आहेत,” म्हणून.

राहता राहिलं इस्त्रीवाल्याचं खातं. कार्ड बघितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरून फॉर्म घेऊन लारीवर गेलो आणि तिथेच, इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, भरला. पहिल्याच रकान्यापाशी पेन थांबलं. मला त्याचं नाव माहीत नव्हतं. ओळखीचा माणूस आण म्हणून सांगताना मी त्याला त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. विचारलं. त्याने आधी नुसतं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव, मग गाव आणि तालुकाही, जसं काही कुणी उलटतपासणी करणार होतं. परिचयकर्ता म्हणून खाली मी सही केली. नऊ हजार चारशेंचं काहीच करता आलं नाही. ते गेले ते गेले.

पासबुक मीच नेऊन दिलं. त्याने हात आधी पँटला पुसले, मग फडक्याला, मग पुन्हा पँटला, आणि दोन्ही हातांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट द्यायला गेलो. तो पाठमोरा, निखारे चाळत होता. मी पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली, पुढे राव लावून. तो वळला, आणि मी कुणाला बोलावतोय ते बघायला आधी त्याने माझ्या मागे पाहिलं.