पडद्यावर उगवणारी सीडी : लिनक्सवर वायरलेस मोडेम चालवण्याचा माझा अनुभव

‘सर, आपल्याकडे विंडोज टेन आहे की इलेव्हन?’ हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात अकरा दिवसांमध्ये मला चार वेळा विचारला गेला. विंडोज नाही, लिनक्स आहे, असे मी दर वेळी सांगितले आणि दर वेळी पलीकडून क्षणभराच्या शांततेनंतर ‘ओके सर, पण टेन की इलेव्हन?’ हेच पुन्हा ऐकू आले. मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवेला केलेल्या त्या चार दूरध्वनींचा राग अजून पुरता गेलेला नाही आणि हा अनुभव लिहायला बसण्याचे निम्मे कारण तोच आहे. उरलेल्या निम्म्यात माझा स्वतःचा गाढवपणा येतो. तो यथावकाश पुढे दिसेलच.

जूनच्या अखेरीस धायरीत आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता खोदला गेला आणि त्यात फायबरची केबल तुटली. दोन दिवसांत जोडून देतो, असे आम्हाला सांगण्यात आले; पुण्यात खोदलेल्या रस्त्यापाशी उभे राहून कोणी ‘दोन दिवस’ म्हणाले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. मी घरी बसून मुद्रितशोधन करतो. प्रकाशकाकडून आलेली पीडीएफ उतरवून घ्यायची, पान शांतपणे वाचायचे, अडलेला शब्द ऑनलाइन कोशात पाहायचा आणि प्रकरण संपले की दुरुस्त्या मेलने पाठवायच्या, असे हे काम आहे. घरातल्या फोनचा हॉटस्पॉट सौ.च्या शिकवण्यांसाठी अडकलेला असल्यामुळे मी कपाटातला फोर-जी डोंगल, म्हणजे सिमकार्डावर चालणारा यूएसबी मोडेम, काढला, त्यात जादाचे सिमकार्ड घातले आणि तो लिनक्स मिंट असलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपला खोचला.

सुरुवातीचे टप्पे इतके सरळ गेले की त्यांच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. असा डोंगल खोचल्यावर संगणकाला प्रथम मोडेम दिसतच नाही, सीडी दिसते. विंडोजसाठी लागणारे ड्रायव्हर उत्पादकाने डोंगलच्याच पोटात भरून दिलेले असतात आणि ते सहज सापडावेत म्हणून तो आधी सीडी ड्राइव्हचे सोंग घेऊन येतो. लिनक्सवर ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचा छोटा प्रोग्रॅम त्याला ठरावीक संदेश पाठवून ते सोंग उतरवायला लावतो. जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिल्यास उपकरणापुढे चार-चार खुणांचे दोन गट दिसतात. त्यांतला पहिला गट उत्पादकाचा आणि दुसरा उपकरणाचा असतो. माझ्याकडे हा दुसरा गट आधी १४एफई होता आणि काही सेकंदांत आपोआप १५०६ झाला. मिंटमध्ये मोडस्विच मुळातच असल्यामुळे मला बोटही लावावे लागले नाही.

नंतर नेटवर्कच्या यादीत ‘मोबाइल ब्रॉडबँड’ दिसू लागले, त्यात देश आणि कंपनी निवडली, एपीएनचे, म्हणजे कंपनीच्या इंटरनेटच्या प्रवेशद्वाराचे, नाव तपासले आणि विसाव्या मिनिटाला कोश उघडला. एपीएनचे नाव यादीतून निवडण्यापेक्षा तेच सिमकार्ड फोनमध्ये घालून फोनच्या सेटिंगमध्ये दिसेल ते अक्षरशः उतरवून घ्यावे, कारण तयार यादीत जुन्या योजनांची नावेही असतात. सिमकार्डाला पिन लावलेला असेल तर तोही फोनमध्येच काढून टाकावा. त्या संध्याकाळी मी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याला फोन करून लिनक्सची भरपूर स्तुती केली. ती करण्याची घाई नको होती.

दुसऱ्या दिवसापासून जोडणी तुटू लागली. एक पान वाचून शब्द पाहायला जावे, तर कोश उघडत नसे. अर्ध्या-एक मिनिटात जोडणी आपली आपण परत येई, मी शब्द पाही, पुढचे पान वाची आणि पुन्हा तेच होई. जोडणी तुटल्यावर पडद्याच्या कोपऱ्यात सीडीचे एक चित्र उगवायचे आणि काही क्षणांत नाहीसे व्हायचे. नाहीसे झाले नाही तर मी ते स्वतःच ‘इजेक्ट’ करून टाकत असे आणि पुढे वाचू लागत असे. वाचकांनी हे चित्र लक्षात ठेवावे. मी ठेवले नाही.

ग्राहक सेवेने पहिल्याच दूरध्वनीत निदान करून टाकले : ‘सर, आपल्या एरियात सिग्नलचा इश्यू आहे.’ धायरीत मोबाइलला रेंज कमी मिळणे नवलाचे नसल्यामुळे मला ते पटले. छत्री, लॅपटॉप आणि डोंगल घेऊन मी भर पावसात गच्चीवर गेलो. तेथून ढग बाजूला झाले की सिंहगडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो, तेव्हा सिग्नललाही आडकाठी नसावी, असा माझा भोळा हिशेब होता. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून दीड प्रकरण वाचले आणि तेवढ्यात जोडणी सहा वेळा तुटली.

तेव्हा सिग्नल मोजावा असे ठरवले. डोंगल खोचल्यावर ‘टीटीवाययूएसबी’ या नावाची दोन-तीन दारे तयार होतात. त्यांपैकी योग्य दारावर ‘मिनिकॉम’ हा प्रोग्रॅम उघडून मोडेमशी थेट बोलता येते. त्याआधी ‘मोडेम-मॅनेजर’ ही सेवा थांबवावी लागते, कारण तीही त्याच दारावर बसलेली असते आणि दोघांचे प्रश्न व उत्तरे एकमेकांत मिसळतात. स्वतःचे नाव ‘डायलआउट’ गटात नसेल तर दार उघडतच नाही. हे दोन्ही मला उलट्या क्रमाने कळले आणि त्यात एक रात्र गेली. शेवटी ‘एटी’, अधिक चिन्ह आणि ‘सीएसक्यू’ ही आज्ञा दिल्यावर मोडेमने २१ हा आकडा दिला. हे मोजमाप ० ते ३१ असे असते, ९९ आला तर सिग्नल कळत नाही असा अर्थ होतो. शून्याला उणे ११३ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) धरून प्रत्येक पायरीला २ मिळवायचे. म्हणजे माझा सिग्नल उणे ७१ डीबीएम होता आणि तो उत्तम म्हणावा असा आहे. दुसऱ्या दूरध्वनीत मी हा आकडा सांगितला. ‘सर, मोबाइलमध्ये किती काड्या दिसतात?’ असा प्रतिप्रश्न आला. त्यानंतर टेन की इलेव्हन.

पाचव्या दिवशी माझा संशय विजेवर गेला. यूएसबी २.० च्या एका खाचेतून ५०० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह मिळणे अपेक्षित असते आणि मोडेम जोराने प्रक्षेपण करू लागला की तो तेवढा प्रवाह खाऊ शकतो. लांब, हलकी जोडवायर मध्ये असेल तर व्होल्टेज पडून तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो. तर्क चांगला होता. त्यासाठी मी बसने स्वारगेटला उतरून, चिखल तुडवत तपकीर गल्लीत गेलो आणि विजेचा स्वतंत्र अॅडॉप्टर असलेला यूएसबी हब घेऊन आलो. ‘काका, डोंगल अजून कोण वापरतं?’ असे दुकानातल्या मुलाने विचारलेच. हब लावल्यावरही जोडणी पूर्वीसारखीच तुटत राहिली. डोंगल जोडवायरवर लोंबकळत असेल तर ती वायर आधी काढून पाहावी, मग हबचा खर्च करावा. माझ्याकडे तर जोडवायर नव्हतीच.

रविवारी भाचा त्याचा विंडोजचा लॅपटॉप घेऊन आला. डोंगल त्याला लावून त्याने क्रिकेटचा सामना सुरू केला आणि तीन तासांत जोडणी एकदाही तुटली नाही. ‘मामा, तुझ्या त्या लिनक्सला आता नारळ दे,’ असे म्हणून तो भजी खाऊन निघून गेला. तिसऱ्या दूरध्वनीत मी प्रामाणिकपणे हे सांगितले, तेव्हा पलीकडच्या आवाजात पहिल्यांदाच आनंद जाणवला : ‘मग सर, प्रॉब्लेम आपल्या साइडने आहे.’ मला तोडीस तोड उत्तर सुचले नाही. आता सुचते : त्या तीन तासांत सामना अखंड वाहत होता, डोंगलला क्षणाचीही उसंत नव्हती. मी मात्र एकेका पानावर सात-आठ मिनिटे बसून राहत होतो. दोन्ही लॅपटॉपांची परीक्षा सारखी झालीच नव्हती आणि हे ना भाच्याच्या लक्षात आले ना माझ्या.

तुटण्याच्या अचूक वेळा पुराव्यादाखल दाखवाव्यात म्हणून सोमवारी सकाळी मी एका खिडकीत ‘पिंग’ सुरू करून ठेवले, म्हणजे दर सेकंदाला दूरच्या एका संगणकाला हाक मारायची आणि त्याच्या ‘ओ’ची वाट पाहायची. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जोडणी एकदाही तुटली नाही. आनंदाच्या भरात मी चौथा दूरध्वनी करून तसे कळवले. पाच मिनिटांत ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा संदेश आला. मी पिंगची खिडकी बंद केली, वाचायला घेतले आणि पान उलटायच्या आत जोडणी गेली. पुन्हा पिंग लावले, टिकली. बंद केले, गेली. रात्री अकरापर्यंत मी हाच खेळ खेळत होतो, कारण एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हा बिघाड माझ्या हुकमानुसार घडत होता.

हाक मारत राहिले की जागा राहतो आणि गप्प बसले की जातो, एवढे कळल्यावर मी पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले : ‘डीमेसेज’ ही आज्ञा सुडोसह (म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने) आणि उणे डब्ल्यू हा पर्याय लावून वेगळ्या खिडकीत उघडी ठेवली, म्हणजे कर्नल, लिनक्सचा गाभा, जे पुटपुटतो ते जसेच्या तसे समोर येत राहते. जोडणी तुटल्याबरोबर तेथे ओळ उमटली की यूएसबी उपकरण निघून गेले; मग नवे उपकरण आले, ते सीडी ड्राइव्ह निघाले; तेही गेले आणि पुन्हा एक नवे उपकरण मोडेम म्हणून आले. कर्नल प्रत्येक आगमनाला नवा क्रमांक देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगल खोचला तेव्हा मोडेमचा क्रमांक ५ होता, रात्री झोपताना ४७ झालेला होता. एका तुटण्याला दोन क्रमांक लागतात, तेव्हा एका दिवसात जोडणी एकवीस वेळा तुटली होती. सिग्नल गेला म्हणून कोणताही मोडेम यूएसबीच्या खाचेतून निघून गेल्यासारखा वागत नाही, आणि सीडी होऊन परत तर मुळीच येत नाही. पडद्यावरचे ते चित्र मला दिवसाला वीसदा हेच सांगत होते आणि मी ते नेमाने इजेक्ट करत होतो.

पुढचा शोध अर्ध्या तासाचाही नव्हता. मे महिन्यात बॅटरी जास्त वेळ चालावी म्हणून मीच ‘टीएलपी’ हा वीज वाचवणारा प्रोग्रॅम बसवला होता. रिकाम्या बसलेल्या यूएसबी उपकरणांना झोपवणे हे त्याच्या कामांपैकी एक आहे आणि ते मुळापासूनच चालू असते. ‘टीएलपी-स्टॅट’ला उणे यू हा पर्याय दिला तेव्हा डोंगलच्या ओळीत ‘कंट्रोल’ची किंमत ‘ऑटो’ आणि विलंब २००० मिलिसेकंद दिसला. दोन सेकंद काम नसले की झोप. माझा डोंगल छोट्या डुलकीतून उठत होता, पण लांबलेल्या झोपेतून उठवायला गेले की गडबडून पहिल्यापासून, म्हणजे सीडी होण्यापासून, सुरुवात करत होता.

‘ऑटो’च्या जागी तात्पुरते ‘ऑन’ लिहून आधी खात्री करून घेतली. डोंगल काढून पुन्हा खोचला की हा बदल पुसला जातो, म्हणून चाचणीला तो फार सोयीचा आहे. सबंध प्रकरण न तुटता वाचून झाले. मग ‘ईटीसी’ फोल्डरमधील ‘टीएलपी.कॉन्फ’ या फाइलीत ‘यूएसबी-डेनायलिस्ट’ हे शब्द असलेली ओळ शोधून, तिच्या आरंभीची चौकडीची खूण (#) काढून, तेथे एलएसयूएसबीत दिसणारे डोंगलचे क्रमांक लिहिले. मोडेमचा क्रमांक तर हवाच, सीडीच्या रूपातला क्रमांकही मी शेजारी लिहून टाकला. नावातल्या आडव्या रेघा फाइलीत खालच्या ओळीला टेकलेल्या असतात, त्या तशाच ठेवाव्यात. जुन्या आवृत्तीत ‘डेनायलिस्ट’ऐवजी ‘ब्लॅकलिस्ट’ हा शब्द आहे. सगळ्याच उपकरणांची झोप बंद करण्याची सोयही त्याच फाइलीत आहे, परंतु बॅटरीसाठी जे बसवले त्याचाच उपयोग घालवण्यात अर्थ नव्हता. फाइल जतन करून टीएलपी पुन्हा सुरू करावा आणि डोंगल काढून खोचावा. मी न काढताच तपासत बसलो आणि आणखी वीस मिनिटे स्वतःवर चिडलो.

फायबरची केबल तेराव्या दिवशी जोडली गेली. तोपर्यंतच्या दोन दिवसांत मी साठ पाने वाचून पाठवली आणि कर्नलने मोडेमला दिलेला क्रमांक सकाळी ५ होता तो रात्रीही ५ राहिला. भाच्याला हे सांगितले तेव्हा एका आज्ञेने सीडीचे सोंग कायमचे बंद करता येते, ते करून टाक, असे त्याने सुचवले. मी ते केलेले नाही. डोंगल खोचल्यावर ते चित्र एकदा उगवून मावळते, तेवढे मी पाहतो. दुसऱ्यांदा उगवले तर या वेळी ग्राहक सेवेला फोन लावण्याआधी डीमेसेज उघडणार आहे.